पाइपरावाची पैज

"या थंडीत बाबा बनियनवर बसतील," पाइपरावाने जाहीर केलं, "आणि वर मलाच म्हणतील, जरा पंखा लाव रे."

हे त्याने जेवणाच्या टेबलावर चमचा उंच धरून सांगितलं. ऐकायला त्याची बायको होती, आत्या होती, आणि ज्यांना बनियनवर बसवायचं ठरलं होतं ते बाबाही होते. बाबांच्या अंगात स्वेटर, स्वेटरवर कोट, डोक्यावर कानटोपी, आणि चेहरा असा की वजनात मारताना कुणी हात धरला तरी भुवई हलू नये. तो चेहरा त्यांनी धंद्यात कमावला होता. धंदा कोळशाचा. एके काळी अख्ख्या गल्लीची घरं त्यांच्या कोळशावर ऊब धरायची. मग लोकांनी एकेक करून दुसऱ्या सोयी केल्या, दुकान बसलं, आणि गल्लीत कोळसा जाळणारा एकच माणूस उरला. तो म्हणजे कोळसेवाला स्वतः. त्याच्या खोलीत एक काळी लोखंडी शेगडी होती, तिला धुराडं होतं, आणि धुराडं सोडून बाकी सगळीकडून धूर यायचा.

अशा बापाचा मुलगा पाइपच्या कंपनीत लागला. तेही कसले पाइप, तर जमिनीत खोल पुरायचे आणि जमिनीची ऊब वर आणायचे. बाबांनी हे मनाला लावून घेतलं. दुसऱ्या कुणाचा मुलगा दारू प्यायला लागला असता तर त्या बापाने जेवढं लावून घेतलं असतं, त्याहून जरा जास्तच. मुलाचं नाव त्यांनी त्या दिवसापासून टाकलं आणि पाइपराव म्हणायला लागले. ते नाव इतकं चिकटलं की आता बायकोही चिडली की तेच म्हणायची.

"कोळसाही जमिनीतूनच येतो," बाबा म्हणायचे. "पण तो निदान वर येतो. तुझं काय वर येतं?"

घराचे दोन भाग झालेलेच होते. पाइपरावाची बायको पुढच्या खोलीत पार्लर चालवायची, आणि धुतलेल्या केसांवर शेगडीची काजळी बसायला लागल्यावर एक मोठं भांडण झालं. त्या भांडणातून मधोमध भिंत उभी राहिली आणि मागच्या अंगणात विटांची एक रांग. ती रांग ओलांडून बाबांच्या अंगणात पाय ठेवणार नाही अशी पाइपरावाने शपथ घेतली. रागात घेतली, पण पाळली मात्र नेटाने. सामाईक उरला तो फक्त मधला बोळ. बोळाच्या एका टोकाला कोळशाची पेटी, दुसऱ्या टोकाला बाबांचं दार. आत्या एक महिना या भागात राहायची, एक महिना त्या भागात, आणि इथलं तिथे सांगायची, त्यामुळे दोन्हीकडे तिला मान होता.

तर चमचा खाली ठेवायच्या आत बाबांनी पैज लावली. थंडी संपायच्या आत त्यांनी स्वतःच्या तोंडाने "ऊब आली" असं म्हटलं, तर शेगडी भंगारात. नाही म्हटलं, तर पाइपरावाने पाइप उपटून टाकायचे आणि रोज सकाळी पेटीतून कोळसा भरून शेगडीपाशी स्वतःच्या हाताने आणून टाकायचा. बाप जिवंत असेपर्यंत.

"आणि मी काही लवकर मरत नाही," बाबा म्हणाले. "घाई नसते मला."

पंच कोण, तर आत्या. पाइपरावाला आनंद झाला. आत्या आपल्या बाजूची आहे असं त्याला वाटायचं. आत्या तेव्हा त्याच्या भागात राहत होती, म्हणून.

पाइपरावाची पद्धत सोपी होती. अंगणात बोअर मारायचं, त्यात हेअरपिनसारखा दुमडलेला पाइप सोडायचा, भोवती वाळू भरायची. पाणी एका पायाने खाली जातं, जमिनीची ऊब घेतं, दुसऱ्या पायाने वर येतं. वर स्वयंपाकघरात एक मशीन. हे मशीन म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज जसा भाजीतली ऊब काढून मागच्या बाजूने सोडतो, तसं हे जमिनीतली ऊब काढून बाबांच्या खोलीतल्या रेडिएटरमध्ये सोडणार. इथे जमीन म्हणजे भाजी, असं त्याने आत्याला समजावलं. आत्याने विचारलं, मग भाजी गोठली तर. पाइपराव मोठ्याने हसला आणि ही गंमत त्याने ऑफिसातही सांगितली.

बाबांच्या हद्दीत बोअर मारायला बाबांनी अर्थातच नकार दिला. पाइपरावाच्या वाट्याला जी अंगणाची पट्टी आली होती ती एवढी अरुंद की तिच्यात कपडे वाळत घालताना बायकोला आडवं चालावं लागायचं. सगळी बोअरं त्या पट्टीतच, एकमेकांना खेटून, थेट त्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून मारली. बोअरवाला आडदांड माणूस होता आणि त्याला एकच शब्द यायचा. जागा पुरेल का? होईल. घराला धक्का लागणार नाही ना? होईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाइपरावाने नीट ऐकलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

पहिल्या थंडीच्या सकाळी त्याने बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. सगळे बाबांच्या खोलीत जमले. बाबांनी रेडिएटरवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, मग हात काढून फुंकर मारून गरम केला.

"शवागारात याहून बरी व्यवस्था असते," ते म्हणाले. "तिथे निदान चादर घालतात."

पाइपराव खचला नाही. तो मोजमापाची साधनं घेऊन अंगणात बसला आणि दुपारपर्यंत त्याला चूक सापडली. पाइपचे दोन्ही पाय बोअरमध्ये एकमेकांना चिकटून बसले होते. वर येणारं कोमट पाणी आपली ऊब शेजारून खाली जाणाऱ्या गार पाण्यालाच देऊन मोकळं होत होतं. वर यायचं ते रिकाम्या हाताने.

"म्हणजे अगदी तुझ्यासारखंच," बाबा म्हणाले. "घरी यायच्या आधीच सगळं वाटेत वाटून टाकायचं."

पाइपचे पाय लांब ठेवायला मध्ये काहीतरी अडकवायला हवं होतं. कंपनीकडे त्यासाठी खास तुकडे मिळायचे, पण ते यायला वेळ लागला असता. आणि पाइपरावाची नजर बायकोच्या पार्लरमधल्या टोपलीवर गेली. प्लॅस्टिकचे कर्लर. मापाला इतके बरोबर, की याच कामासाठी जन्माला आल्यासारखे. बायको एका बाईच्या डोक्याची अर्धी बाजू गुंडाळून उरलेले कर्लर घ्यायला वळली तेव्हा टोपली रिकामी होती. ती बाई शाळेची हेडबाई होती. एका बाजूला लाटा आणि एका बाजूला दोरीसारखे सरळ केस घेऊन तिने त्या दिवशी शाळा घेतली, आणि शाळेत म्हणे त्या दिवसाइतकी शांतता कधीच नव्हती. मुलं बघत बसली होती.

बोअरवाल्याने पाण्याच्या झोताने वाळू उपसून पाइप वर खेचले, तेव्हा पहिला पाइप अडकला, मग एकदम सुटला, आणि उसळून बायकोची कपड्यांची दोरी कपड्यांसकट घेऊन शेजारच्या छपरावर गेला. "होईल," बोअरवाला म्हणाला. झालं. कर्लर लावून पाइप पुन्हा खाली गेले.

पाणी जरा कोमट झालं. बाबा म्हणाले, गार.

आता पाइपरावाने वाळूला दोष दिला. कोरड्या वाळूत हवा राहते, हवा म्हणजे पाइपला पांघरूण, आणि पांघरूण घेतलेला पाइप जमिनीकडून काय घेणार. वाळूऐवजी चिकणमातीचा राडा भरायचा आणि त्यात ग्राफाइटची पूड मिसळायची, पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट, उष्णता त्यातून पळत जाते. पाइपराव पुडीची पोती घेऊन आला आणि अंगणाचा रस्ता अरुंद म्हणून बोळातून ओढत नेली. एक पोतं फाटकं होतं. ग्राफाइटवरून उष्णताच पळत जाते असं नाही. आत्या त्या सकाळी सामान घेऊन एका भागातून दुसऱ्या भागात निघाली होती, तिचा महिना संपला होता. ती बोळात शिरली, आणि जी गेली ती थेट बाबांच्या दारापर्यंत, बसल्या बसल्या. डावा पाय मोडला.

पाइपराव धावत आला. आत्या काळ्याशार फरशीवर काळीशार होऊन पडली होती आणि कण्हत होती.

"पोतं सगळं सांडलं का?" त्याने विचारलं.

आत्याने त्याच्याकडे जे बघितलं, तिथे खरं म्हणजे पैजेचा निकाल लागला होता. पण पाइपराव तेव्हा खाली वाकून पूड सुपलीत भरत होता. आत्याचे कपडे झटकून निघालेली पूडही त्याने वाया जाऊ दिली नाही. बाबांनी दार उघडून बहिणीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आता शोभतेस हं कोळसेवाल्याची बहीण," ते म्हणाले, आणि तिला आत घेतलं. आत्याची खाट बाबांच्या खोलीत, कोपऱ्यात, रेडिएटरला लागून टाकली. प्लास्टर निघेपर्यंत आता तिला महिने बदलता येणार नव्हते. बोळ बायकोने गरम पाण्याने धुतला, साबणाने धुतला, डोकं धुवायच्या शाम्पूनेही धुतला. फरशीच्या सांध्यांतली पूड काही हटली नाही. तिने नवऱ्याला सांगितलं की हे नीट काढायला हवं. तो म्हणाला बघू.

कारण त्याला आता आणखी पुढचं सुचलं होतं. पाइपमधून पाणी फार शहाण्यासारखं वाहतं. कडेचं पाणी पाइपला चाटून ऊब घेतं, आणि मधलं पाणी कुणाशी काही संबंध नसल्यासारखं सरळ निघून जातं. त्याला घुसळायला हवं. पाइपरावाने पॅकिंगच्या लांब पट्ट्या ड्रिलला अडकवून पीळ दिला आणि त्या पाइपात वरून ढकलत खाली उतरवल्या. आता पाणी गिरक्या घेत जाणार होतं. गिरक्या घ्यायला जोर लागतो म्हणून मोठा पंप आणला. मोठ्या पंपाला शोभेल असं मोठं मशीन आणलं. स्वतःच्या भागातले रेडिएटर त्याने बंद केले, म्हणजे सगळीच ऊब बाबांकडे जाईल. आपलं काय, आपण अंगात घालू काहीतरी, असं त्याने बायकोला सांगितलं. बायको तेव्हा दोन स्वेटर घालून एका बाईच्या भुवया कोरत होती, आणि तिचा हात थरथरत असल्यामुळे त्या बाईच्या चेहऱ्यावर आजन्म आश्चर्य राहील अशी चिन्हं होती.

पीळ दिलेल्या पाइपांनी गाणं सुरू केलं. गाणं म्हणजे भिंतीतून एक बारीक कण्हणं, मध्येच चढायचं, मध्येच धुसफुसायचं. खाटेवरच्या आत्याला खात्री पटली की ही वहिनीच आहे, पाइपरावाची आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती तिला. आत्या तिला उत्तरं द्यायला लागली. जुने हिशेब निघाले, कुणी कुणाची पातेली नेली होती, कुणी लग्नात तोंड वाकडं केलं होतं.

"जिवंतपणी ती इतकं बोलली असती," बाबा म्हणाले, "तर मला एवढं एकटं बोलावं लागलं नसतं."

पण आकडे मात्र झकास येत होते. खाली जाताना आणि वर येताना पाण्याच्या तापमानात एवढा फरक, की कंपनीतल्या साहेबाने ते दोनदा तपासायला लावले. रेडिएटरवर हात ठेवला तर पटकन उचलावा लागायचा. आणि शेजारी बाबा कोट, कानटोपी, गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसलेले. गार, म्हणायचे. हाडं वाजतायत.

पाइपराव रोज संध्याकाळी त्या खोलीत उभा राहून विचार करायचा. खोली खरंच गार होती, हे त्यालाही कळत होतं. बाबांच्या खुर्चीमागे खिडकीवर एक जाड पडदा होता. पडद्याला कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, तो आईने शिवलेला होता. एका संध्याकाळी पाइपरावाच्या लक्षात आलं की पडदा हलतोय. फुगतोय, बसतोय, पुन्हा फुगतोय. तो आनंदाने लाल झाला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "गरम हवा वर चढतेय. पडदा हलतोय त्याने."

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं. पाइपरावाची बायको चहाचे कप घेऊन आली होती, तिने कपांकडे बघितलं.

"चढतेय खरी," बाबा म्हणाले. "पण माझ्यापर्यंत पोचत नाही रे. अजून जरा जोर लाव."

बापाने "अजून" म्हटलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पाइपरावाच्या कामात रस घेतला होता. त्याने त्याच रात्री मशीन शेवटच्या आकड्यावर नेलं आणि बंद करायचं नाव काढलं नाही.

जमीन ही भाजी आहे हे तो विसरला होता. भाजी आता गोठायला लागली. पाइपमध्ये न गोठणारं औषध घातलेलं होतं म्हणून पाइपांचं काही बिघडलं नाही, पण त्यांच्याभोवतीची ओली माती दगड झाली, आणि गोठलेलं पाणी फुगतं, तशी ती फुगली. ती अंगणाच्या पट्टीत फुगली, मग भिंतीखाली शिरली, मग पाइपरावाच्या पलंगाखाली येऊन तिथे फुगली. पलंगाचा एक पाय वर गेला. कपाटाची दारं लागेनात, मग उघडेनात. पार्लरमधली खुर्ची कलली. हेडबाई अर्ध्या केसांचं प्रायश्चित्त म्हणून फुकटात केस रंगवायला आलेली होती. रंग लावून झाला, धुवायला बायकोने नळ सोडला, नळाने एक उचकी दिली आणि बर्फाची एक कांडी बाहेर काढली. पाणी तापवेपर्यंत, ते आणायला बाबांच्या भागात जाऊन येईपर्यंत, बोळात जपून चालेपर्यंत रंगाला जे करायचं होतं ते त्याने केलं. तो आधी हिरवा झाला, मग केसांसकट गळाला. हेडबाई आता टोपी घालून शाळा घेते.

पाइपरावाने फरशीतून वर आलेला बर्फ नखाने खरवडला आणि बायकोला दाखवला. एवढी उष्णता ओढलीय आपण जमिनीतून, तो म्हणाला, एवढी कुणीच ओढली नसेल. बायकोने त्या सकाळी पार्लरचा आरसा, खुर्ची, कात्र्या आणि स्वतःची उशी उचलली आणि सासऱ्यांच्या भागात राहायला गेली. नवऱ्याची उशी तिने उचलली नाही. मशीनपाशी कुणीतरी हवं ना, असं म्हणाली.

दुसऱ्या सकाळी पाइपरावाचं दार उघडेना. चौकट वर सरकून दाराला घट्ट पकडून बसली होती. त्याने खांदा लावला, लाथ मारली, हाका मारल्या. पलीकडून भिंतीतल्या आईच्या कण्हण्याखेरीज उत्तर नाही. शेवटी तो न्हाणीच्या खिडकीतून बाहेर पडला. पाय टेकायला गेला तर अंगणाची पट्टी काचेसारखी. घसरला, विटांच्या रांगेवरून गेला आणि बाबांच्या हद्दीत जाऊन पडला, जिथे इतकी वर्षं त्याने पाय ठेवला नव्हता.

तिथे गवत हिरवं होतं.

गल्लीतली सगळी मांजरं तिथे होती. पोटं वर करून, पाय ताणून, उन्हाळ्यात झोपावं तशी. बाबांच्या खिडकीखाली त्यांची रांग लागली होती. खिडकी सताड उघडी होती. तिच्यातून आईने शिवलेला पडदा बाहेर लोंबत होता, आणि पडद्यामागून वाफ निघत होती, इस्त्रीतून निघते तशी. चौकटीला खालून लाकडाचा एक ठोकळा ठोकला होता, खिडकी वाऱ्याने लागू नये म्हणून. ठोकळा नवा नव्हता.

पाइपरावाने पडदा बाजूला केला. आत बाबा खुर्चीत बसले होते. कोपऱ्यात आत्या बिनबाह्यांच्या झग्यात पडली होती आणि मासिकाने वारा घेत होती. बायको आरशापुढे उभी होती, एकच पातळ कुडता घालून.

"बाबा," पाइपराव म्हणाला, "खिडकी उघडी आहे."

"असणारच. मीच उघडलीय."

"कधी?"

"तू बटण दाबलंस ना, त्या दिवशी."

"आणि तुला माहीत होतं?" हे त्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही," बायको म्हणाली. "तुम्ही पडदा बघून खूश होता. म्हटलं कशाला."

पाइपरावाच्या डोक्यात एक दिवा लागला. तो खिडकीवर दोन्ही हात टेकून आत वाकला.

"बाबा, खिडकी का उघडलीत?"

"गुदमरायला होतं."

"म्हणजे गरम होतं."

"गुदमरायला होतं म्हणालो मी."

पाइपरावाने आत्याकडे बघितलं. आत्याने मासिक खाली ठेवलं, प्लास्टरमधला पाय हाताने उचलून नीट केला आणि निकाल दिला.

"गुदमरणं वेगळं," ती म्हणाली, "ऊब वेगळी. पैज उबेची होती."

पाइपरावाने ठोकळा उपटला, खिडकी बाहेरून लावली, विटांच्या रांगेतल्या विटा आणून तिला टेकण लावलं आणि वर स्वतःची पाठ लावली. मग वळून काचेला नाक लावून उभा राहिला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. आत मशीनचा शेवटचा आकडा होता आणि त्याला जायला वाट नव्हती.

बाबांनी बराच वेळ काहीच केलं नाही. मग कानटोपी काढली. मग घोंगडी खाली गेली. कपाळावरून घामाची एक धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. कोट उतरला. काचेबाहेर पाइपरावाचे दात वाजत होते आणि तो प्रत्येक कपड्याबरोबर मान डोलवत होता. स्वेटर उतरला. शर्टाची बटणं एकेक करून सुटली. आत बायको पंख्यासारखा कंगवा हलवत होती आणि आत्याने उशीला टेकून मान मागे टाकली होती. म्हातारा बनियनवर आला.

"बोला," पाइपराव काचेतून म्हणाला. त्याच्या श्वासाने काच धुरकटली, त्याने बाहीने पुसली. "बाबा, बोला ना."

बाबांनी मुलाकडे बघितलं. ओठ हलले. एवढं त्याने त्यांना आधी कधी हलवलेलं नव्हतं.

"जरा पंखा..." बाबा म्हणाले.

त्याच क्षणी पाइपरावाच्या भागातून तोफेसारखा आवाज आला. फुगलेल्या जमिनीने स्वयंपाकघराची भिंत आणखी एक बोट वर उचलली होती, आणि भिंतीने मशीनच्या तोंडाचा पाइप जोडावरून उखडला होता. ते न गोठणारं औषध फवाऱ्यासारखं उडालं आणि आईचं कण्हणं मध्येच तुटलं. मशीन दोनदा घुरघुरलं आणि गप्प झालं. मांजरं उठून उभी राहिली.

बाबा थांबले. त्यांनी रेडिएटरकडे कान केला. मग सावकाश शर्ट उचलला.

"पंखा काय?" पाइपराव ओरडला. "पंखा लाव, असंच ना? म्हणाले ते. आत्या, तू ऐकलंस."

"पंखा म्हणाला," आत्या म्हणाली. "ऊब नाही म्हणाला. आपल्याकडे तो एक जुना पंखा होता, त्याचं काहीतरी विचारत असेल. काय रे दादा?"

"कुठे गेला तो, तेच विचारत होतो," बाबा म्हणाले आणि स्वेटरात डोकं घातलं. डोकं दुसऱ्या बाजूने बाहेर आल्यावर त्यांनी आणखी एक शब्द जोडला. "गार."

गोठलेल्या जमिनीतून फुटलेला जोड काढायला बोअरवाल्याला बोलावलं. त्याने बर्फात पहार मारून बघितली, पहार वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसरा शब्द वापरला. उन्हाळ्यात, म्हणाला. म्हणजे थंडी संपायच्या आत काही होणार नव्हतं, आणि पैज संपली.

पाइप उपटायचे ते उन्हाळ्यात उपटू, पण कोळशाला उन्हाळ्याची वाट बघायची गरज नव्हती. बाबांनी शेगडी पुसून ठेवली, काड्यापेटी हाताशी ठेवली, आणि दुसऱ्या सकाळी दार उघडं टाकून खुर्चीत बसले. आत्याची खाट जरा फिरवून घेतली, तिला बोळ दिसावा म्हणून. पाइपरावाने पेटीतून घमेलं काठोकाठ भरलं, डोक्यावर घेतलं आणि खाली न बघता निघाला.

फरशीच्या सांध्यांत ग्राफाइट अजून होतं. तो बाबांच्या दारापर्यंत गेला, बसल्या बसल्या. त्याचा उजवा पाय मोडला. आत्याचा डावा होता.